एका वाटीत एकच नवी गोष्ट: अ‍ॅलर्जीचा संशय असलेल्या बाळाचं वरचं अन्न

आमच्या लेकीच्या उष्टावणाच्या खिरीत रवा होता, गाईचं दूध होतं, बदामाची पूड होती, केशर-वेलची होती आणि वर तुपाची धार. मामाने भरवलेले जेमतेम दोन चमचे पोटात गेले असतील. दहा मिनिटांत हनुवटीवर गांधी उठल्या, मग गळ्यावर, पोटावर. दोनदा उलटी झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं दात येत असतील. जवळच्या डॉक्टरांनी औषध दिलं, तासाभरात गांधी बसल्या आणि सूचना मिळाली: दूध बंद, गहू बंद, सुकामेवा बंद, अंडं आणि शेंगदाण्याचं तर वर्षभर नाव काढू नका.

आम्ही ते तंतोतंत पाळलं. शिवाय एका लॅबमधून साठ-सत्तर पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली. त्यात अकरा पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं, मग तेही बंद केले. पुढचे दोन महिने लेक भात, मुगाचं वरण आणि उकडलेल्या सफरचंदावर राहिली, आणि कार्डावरची वजनाची रेघ आडवी झाली. नवव्या महिन्यात अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पोहोचलो तेव्हा कळलं, की त्या वाटीतल्या एकाच गोष्टीची तिला अ‍ॅलर्जी होती. गाईच्या दुधाची. गहू आणि बदाम निर्धोक होते. त्या अकरांतले बाकीचे दहाही पदार्थ आम्ही विनाकारण तोडले होते.

हे दोन महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पहिल्या त्रासानंतर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय यातली कुठलीच पायरी सुरू करू नका. पण डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या दहा मिनिटांत काय विचारायचं आणि घरी आल्यावर नेमकं काय करायचं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

सगळ्यात आधी: ही लक्षणं दिसली तर थांबू नका

काही खाल्ल्यावर बाळाचा श्वास घरघरायला लागला, सतत खोकला आला, रडण्याचा आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, बाळ पांढरंफटक पडलं, अंग सैल सोडलं किंवा एकाएकी पेंगुळलं, तर ती साधी अ‍ॅलर्जी नाही, अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया, असू शकते. गांधींच्या जोडीला उलट्यांवर उलट्या होत असतील तरी तेच समजा. अंगावर एकही गांध नसताना हे होऊ शकतं.

यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. अ‍ॅलर्जीचं सिरप गांधी आणि खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. म्हणून सिरप पाजून वाट पाहत बसू नका. १०८ला फोन करा किंवा जे वाहन हाताशी असेल त्यातून सर्वांत जवळच्या, चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्यात जा. बाळाला खांद्यावर उभं धरू नका, मांडीवर आडवं ठेवा. उभं धरल्याने रक्तदाब आणखी उतरू शकतो. श्वासाला त्रास होत असेल तर डोकं थोडं उंच चालेल. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबावं लागतं, कारण लक्षणं परत येऊ शकतात.

१. जे घडलं ते त्याच दिवशी लिहा

अ‍ॅलर्जीच्या निदानात सगळ्यात मोठा पुरावा तपासणीचा कागद नसतो, तुमची हकिगत असते. चार दिवसांनी आठवून सांगितलेल्या हकिगतीत वेळा घसरतात. लिहायचं ते एवढं:

- काय खाल्लं, त्यातला प्रत्येक घटक, अगदी तूप आणि वेलचीसुद्धा
- किती खाल्लं, चाटलं की गिळलं
- किती वाजता खाल्लं आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं
- काय दिसलं, कुठून सुरू झालं, किती वेळ टिकलं
- कुठलं औषध दिलं, किती वाजता
- हाच पदार्थ याआधी कधी दिला होता का, तेव्हा काय झालं
- त्या दिवशी ताप, सर्दी, लस असं काही होतं का

आणि फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी गायब होतात, आणि मग ‘काहीतरी लाल झालं होतं’ एवढंच सांगता येतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतही नाही. बोट फिरवून बघा, फुगवटा हाताला लागतो. फोटो खिडकीच्या उजेडात काढा.

२. अ‍ॅलर्जी आहे की दुसरं काही, याचा अंदाज

निदान डॉक्टर करतील, पण लक्षणांची वेळ समजून घेतली तर घाबरणं बरंच कमी होतं.

ताबडतोबीची अ‍ॅलर्जी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते: गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला. उशिराची अ‍ॅलर्जी काही तासांनी किंवा दिवसांनी, बहुधा पोटातून दिसते: शीमध्ये शेंब किंवा रक्त, सतत जुलाब, वजन न वाढणं. तिसरा एक प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हा पुन्हा ओकतं, पांढरं पडतं, मलूल होतं. अंगावर काहीच नसतं, त्यामुळे ‘पोट बिघडलं’ म्हणून सोडून दिलं जातं. हा प्रकार दुधाने होतो, आणि आपण ज्याला सगळ्यात निरुपद्रवी मानतो त्या तांदळानेही होऊ शकतो. यात त्वचेवर टोचून करायची तपासणी सहसा निगेटिव्ह येते. असं एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना वेळेसकट सांगा. बाळ मलूल झालं असेल तर तडक दवाखाना, कारण त्याला सलाइन लागू शकतं.

टोमॅटो, संत्रं, लिंबू यांनी फक्त तोंडाभोवती लाली येते, अर्ध्या तासात जाते, बाळ खेळत असतं. ती बहुतेक वेळा आंबटाने कातडी चुरचुरल्याची खूण असते. खाण्याआधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून पाहा.

३. डॉक्टरांकडे जाताना आणि तपासण्यांबद्दल

पिशवीत हे असू द्या:

- माता व बाल संरक्षण कार्ड किंवा लसीकरणाचं पुस्तक, वजनाच्या नोंदींसह
- वर सांगितलेली हकिगत आणि फोटो
- पॅकेटमधलं खाणं असेल तर मागच्या बाजूचा फोटो
- आधीचे सगळे रिपोर्ट, चुकीचे वाटत असले तरी
- चालू औषधांची आणि मलमांची नावं
- आई-वडील, भावंडं यांना दमा, इसब, अ‍ॅलर्जीची सर्दी आहे का, याची नोंद
- बाळाचे दोन जादा कपडे आणि त्याचं सवयीचं खाणं

तपासणीसाठी जात असाल तर फोनवरच विचारून घ्या, की अ‍ॅलर्जीचं सिरप किती दिवस आधी थांबवायचं. साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, नाहीतर त्वचेवरची तपासणी खोटी निगेटिव्ह येते. आम्हाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे एक फेरी फुकट गेली.

आता सगळ्यात मोठा सापळा. रक्तात किंवा त्वचेवर एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे शरीराने तो ओळखून ठेवला आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. म्हणून ज्या पदार्थाचा संशय आहे त्याचीच तपासणी करायची असते. एकाच वेळी साठ पदार्थ तपासले की त्यातले कितीतरी उगाच पॉझिटिव्ह येतात आणि आई-वडील बाळाचं ताट रिकामं करत जातात. जे बाळ एखादा पदार्थ आनंदाने खातंय, तो केवळ रिपोर्टमुळे बंद करू नका. उलट तो थांबवल्याने खरी अ‍ॅलर्जी मागे लागू शकते. आयजीजी नावाची जी तपासणी ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून विकली जाते तिच्यावर पैसे घालवू नका. तिने अन्नाची अ‍ॅलर्जी कळत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे ओरल फूड चॅलेंज. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, संशयित पदार्थ थोडा थोडा वाढवत देतात आणि पुढे काही तास थांबवून ठेवतात. आमच्या लेकीला गहू आणि बदाम असेच दोन वेगळ्या दिवशी दिले गेले. ज्या पदार्थाने आधी त्रास झाला आहे तो घरी ‘परत एकदा देऊन बघू’ असं कधीही करू नका.

४. ताटाआधी त्वचा

हा भाग मला सगळ्यांत उशिरा कळला, आणि आपल्याकडच्या घरांसाठी तो फार महत्त्वाचा आहे.

ज्या बाळांना लहानपणी इसब असतं, गाल-कोपर-गुडघे कोरडे, खरखरीत, खाजरे असतात, त्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका जास्त असतो. फाटक्या कातडीतून अन्नाचे कण शिरले की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं, तेच अन्न तोंडावाटे गेलं तर सहसा खपवून घ्यायला शिकतं, असं आता तज्ज्ञ मानतात. आणि आपण काय करतो? अंघोळीला डाळीचं पीठ आणि साय लावतो, बदामाच्या नाहीतर तिळाच्या तेलाने मालीश करतो. निरोगी कातडीच्या बाळाला कदाचित काही होणार नाही. पण इसब असलेल्या बाळाच्या अंगाला अन्न चोळू नका. साधं, वासाचं नसलेलं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीन वेळा लावा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलेले दिवस पुरतं लावा. स्टेरॉइडच्या भीतीने अर्ध्यात सोडलेलं मलम हे इसब न जाण्याचं नेहमीचं कारण. शिवाय इसब भडकलेलं असताना नवा पदार्थ दिला, तर अंगावर आलेलं नेमकं कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही.

सासूबाईंना उटणं बंद करायला सांगणं मला जड गेलं. त्यांनी पाच नातवंडांना तसंच न्हाऊ-माखू घातलं होतं. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून सांगितलं. तुमच्या घरीही असा प्रश्न असेल तर पुढच्या भेटीला आजीला सोबत न्या.

बाळगुटीचंही तेच. सहाणेवर बदाम, खारीक, जायफळ, वेखंड, हळकुंड असं एकेक उगाळलं की एका चाटणात पाच-सहा नव्या गोष्टी होतात, आणि त्यातला बदाम अ‍ॅलर्जी देणाऱ्यांपैकी आहे. संशय मिटेपर्यंत गुटी नको. मध तर अ‍ॅलर्जी असो-नसो, वर्षाच्या आत कुणालाच नको. त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

५. घरात हाताशी काय हवं

एक वही. मोजायचा पाव चमचा. घड्याळ. नव्या पदार्थासाठी वेगळी वाटी-चमचा. मिक्सरचं एक भांडं फक्त बाळासाठी, कारण ज्या भांड्यात रोज शेंगदाण्याचं कूट होतं त्यात केलेली नाचणीची पेज ही निव्वळ नाचणीची पेज नसते. गिरणीचंही लक्षात ठेवा. आपल्या आधी कुणाची हरभरा डाळ दळली गेली असेल तर ती आपल्या पिठात येते. या काळात बाळापुरतं तांदूळ-नाचणीचं पीठ घरीच काढलं तर बरं.

औषधांत, डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅलर्जीचं सिरप, आणि त्याची बाळाच्या आजच्या वजनानुसार मात्रा कागदावर मोठ्या अक्षरांत. आधीचा त्रास गंभीर असेल तर अ‍ॅड्रेनालिनबद्दल स्वतःहून विचारा. परदेशात मिळणारं, औषध आधीच भरलेलं तयार पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही, त्यामुळे काही डॉक्टर अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि छोटी सिरिंज देऊन भरायला शिकवतात. शिकवलं तर तिथेच चार वेळा करून दाखवा. मात्रा वजनावर ठरते, ती त्यांच्याच हातची लिहून घ्या आणि वजन वाढलं की बदलून घ्या. मुदतीची तारीख फ्रिजच्या दारावर लावा.

रात्रीबेरात्री बालकांचा विभाग उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे शांत दिवशी स्वतः जाऊन बघून या.

६. पहिला चमचा

बाळ सहा महिन्यांचं, मान धरणारं, आधार देऊन बसणारं, चमचा जिभेने बाहेर न ढकलणारं असावं. आईचं दूध चालूच राहील. त्या दिवशी ताप, सर्दी, जुलाब नको, आणि आदल्या दोन दिवसांत लस नको.

वेळ सकाळची. नऊ-दहा वाजता दिलं की दोन तास बाळ जागं असतं, डॉक्टर फोनवर असतात, घरात दुसरं माणूस असतं. संध्याकाळी भरवून झोपवू नका. प्रवासात, लग्नकार्यात, देवळात पहिल्यांदा काही देऊ नका.

आमची पद्धत अशी होती. आधी तिच्या सवयीची तांदळाची पेज थोडी खाऊ घालायची. मग नवा पदार्थ चमच्याच्या टोकावर मावेल एवढा, ओठाच्या आतल्या बाजूला. दहा-पंधरा मिनिटं खेळवायचं, कपडे सैल करून पोट-पाठ बघायची. काही नसेल तर पाव चमचा. पुन्हा तेवढंच थांबायचं, मग उरलेलं. नंतर दोन तास नजरेखाली. दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ थोडा जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी. या तीन दिवसांत दुसरं नवं काही नाही. तीन दिवस यासाठी, की पहिल्या वेळी गप्प राहिलेलं शरीर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलू शकतं. दुधी, भोपळा, गाजर, केळं, चिकू अशा सहसा त्रास न देणाऱ्या गोष्टींसाठी एवढं थांबायची गरज नाही. त्या एकेक दिवसाच्या फरकाने दिल्या तरी चालतात. यांना तीन-तीन दिवस दिले तर वर्ष संपतं आणि अंडं, शेंगदाणे राहूनच जातात.

वहीतली नोंद अशी: ‘अंडं, दिवस १. सकाळी ९.४०, चमच्याचं टोक. ९.५५, पाव चमचा. १०.१०, उरलेलं. १२.१०पर्यंत काही नाही. दुपारी शी नेहमीसारखी.’ एवढ्या चार ओळी पुढच्या भेटीत सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

काही दिसलं तर देणं तिथेच थांबवा, तोंड पुसा, फोटो, वेळ, डॉक्टरांना फोन. गंभीर लक्षण असेल तर वर लिहिलेलं.

७. कोणता पदार्थ कधी आणि कसा

अ‍ॅलर्जी बहुतांशी या थोड्याच पदार्थांची असते: गाईचं दूध, अंडं, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, कोळंबी-खेकडा. भारतातल्या मुलांत हरभरा आणि उडीद यांचीही नोंद झालेली आहे. यांतला प्रत्येक पदार्थ एकटा द्यायचा. मेतकूट, भाजणी, सत्त्वाची तयार पाकिटं, डाळींचं मिश्रण हे सगळं त्यातला एकेक घटक पचल्यावर.

‘हे सगळं वर्षानंतर देऊ’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, कधी डॉक्टरांकडूनही. तो कुठून आला ते सांगते. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोका असलेल्या बाळांना अंडं दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणे तीन वर्षांनंतर द्यावेत असं सुचवलं होतं. २००८मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला, कारण उशीर केल्याने अ‍ॅलर्जी टळते याला आधार सापडला नाही. मग २०१५मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासाचा निकाल आला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना टाळायला सांगितलं. पाच वर्षांची झाल्यावर टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के. मात्र त्या बाळांची आधी त्वचेची तपासणी झाली होती आणि ज्यांची तपासणी जोरात पॉझिटिव्ह होती त्यांना घेतलं नव्हतं. म्हणून तुमच्या बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर शेंगदाणा घरी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. विचारा म्हणते आहे, टाळा म्हणत नाही.

अंडं: दहा-बारा मिनिटं उकडलेलं, कडक. पांढरं आणि पिवळं दोन्ही, बारीक कुस्करून पेजेत. अ‍ॅलर्जी प्रामुख्याने पांढऱ्याची असते, त्यामुळे नुसतं पिवळं देऊन ‘अंडं पचलं’ असं लिहू नका. हाफफ्राय, कच्चट ऑम्लेट नको. घरात अंडं खात नसाल तर देण्याची सक्ती नाही, पण केक-बिस्किटांतून ते पुढे कधीतरी समोर येणार, एवढं डॉक्टरांशी बोलून ठेवा.

शेंगदाणा: मराठी स्वयंपाकघरात हा कुठे नाही? कूट खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीच्या रश्शात. म्हणून तो चुकून जाण्याआधी ठरवून द्यावा. मंद भाजून, सालं काढून, अगदी बारीक कूट करून चाळणीतून चाळायचं, कोमट पाण्यात सरबरीत करून पेजेत मिसळायचं. अख्खा दाणा, जाडसर कूट, चिकट गोळा यातलं काहीही नको. दाणा श्वासनलिकेत अडकतो. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोतच. पचलं की हळूहळू दोन-अडीच सपाट छोट्या चमच्यांपर्यंत, आठवड्यातून तीनदा.

गहू: पाण्यात शिजवलेली पातळ लापशी, किंवा आधी पचलेल्या वरणात कुस्करलेली मऊ पोळी. रव्याची खीर नको, तिच्यात दूध येतं.

तीळ: भाजून पूड. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण असतं. बोरं, चुरमुरे, हलवा, रेवड्या सगळं बाळाच्या अंगावरून ओतलं जातं आणि त्यातलं एखादं तोंडात जातं. तीळ आधी देऊन झाले नसतील तर त्या दिवशी रेवड्या आणि तिळाचा हलवा वगळा. बोरं आणि दाणे तसेही घशात अडकण्याच्या भीतीने नकोत.

सुकामेवा: प्रत्येकाची वेगळी पूड, वेगळे दिवस. काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी जोडीने येते, तेव्हा एकाने त्रास झाला तर दुसराही थांबवा.

मासे: काटा नसलेला तुकडा वाफवून, तिखट-मीठ न घालता. मासा पचला म्हणजे कोळंबी पचेल असं नाही, तिचे दिवस वेगळे.

८. पचलेलं सोडू नका

तीन दिवस अंडं दिलं, काही झालं नाही, वहीत बरोबरची खूण केली आणि पुढे महिनाभर दिलंच नाही, असं बऱ्याच घरांत होतं. पचलेला पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा ताटात हवा. आमच्या फ्रिजवर सात वारांचा तक्ता होता: सोमवार-गुरुवार अंडं, मंगळवार-शुक्रवार-रविवार कूट, बुधवार-शनिवार तीळ, गहू रोज. पदार्थ वाढत गेले तसा तो तक्ता गच्च झाला, आणि वजनाची रेघही अकराव्या महिन्यात वर वळली.

९. दुधाचीच अ‍ॅलर्जी ठरली तर

शेजारपाजारून सगळ्यात आधी सल्ला येतो शेळीच्या दुधाचा. देऊ नका. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीच्या आणि म्हशीच्या दुधानेही त्रास होतो, कारण प्रथिनं सारखीच असतात. दही, ताक, पनीर, खवा यांतही तीच प्रथिनं आहेत. तुपात अंशमात्र राहतात, तेव्हा तुपाचं डॉक्टरांना वेगळं विचारा. ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेला डबाही उपयोगाचा नाही. त्यात लॅक्टोज ही दुधातली साखर नसते, प्रथिनं तशीच असतात.

आई अंगावर पाजत असेल तर पाजणं थांबवू नका. माझ्या दुधाने लेकीला काही होत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला माझा चहा, दही सगळं चालू ठेवायला सांगितलं. बाळाला अंगावरच्या दुधातूनही त्रास होत असेल तरच आईने स्वतःच्या खाण्यातलं दूध सोडायचं, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि कॅल्शियम सुरू करून. वरचं दूध लागतच असेल तर प्रथिनं फोडलेली खास पावडर असते. ती महाग आहे, चवीला कडवट आहे, आणि कुठली घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. कॅल्शियम आणि लोहाच्या थेंबांचाही विषय त्याच भेटीत काढा.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे फसवतो. तो शाकाहाराचा आहे, दूध त्यात येतंच. अंडं असेल तर हिरवा ठिपका मिळत नाही, तेवढ्यापुरता तो कामाचा. मागच्या बाजूला मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द शोधा. ‘कंटेन्स’ म्हणून अ‍ॅलर्जीच्या घटकांची वेगळी ओळ असते, तीही वाचा. तीळ मात्र घटकांच्या पूर्ण यादीतच शोधावे लागतात. ओळखीच्या बिस्किटाचं पाकीटही दर वेळी वाचा, कृती बदलत असते.

१०. घरची माणसं, पाहुणे, पाळणाघर

पूजेनंतर पंचामृताचा थेंब, बारशाचा पेढा, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलं बिस्किट. कुणाच्याही मनात वाईट नसतं. ‘तिला चालत नाही’ म्हटलं की ‘थोड्याने काय होतंय’ असं उत्तर येतं. मी वाक्य बदललं: ‘दुधाने तिचा श्वास अडकू शकतो, डॉक्टरांनी थेंबभरही नको म्हणून सांगितलंय.’ त्यानंतर कुणी आग्रह केला नाही.

पाळणाघरात कागद द्या: बाळाचा फोटो, काय चालत नाही, काय चालतं, लक्षणं, कुठलं औषध किती, कुणाला फोन. काय चालतं हे लिहिणं विसरू नका, नाहीतर घाबरून तिथे नुसता भात भरवत बसतात. डबा घरचा द्या.

११. लसी आणि पुढच्या भेटी

अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलू नका. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना ती देतात. लस देणाऱ्यांना अ‍ॅलर्जीची कल्पना द्या आणि दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची कमी जणांची जाते. म्हणून दर सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासायचं असतं. दुधासाठी एक शिडी असते: आधी पिठात मिसळून बराच वेळ भाजलेलं दूध, म्हणजे बिस्किट, ते पचलं तर पुढे कमी भाजलेले पदार्थ, मग दही, शेवटी दूध. ही शिडी घरी आपल्या मनाने चढायची नाही, पहिली पायरी कधी आणि कुठे हे डॉक्टर ठरवतात. आमची लेक आता दीड वर्षाची आहे आणि पहिल्या पायरीवर आहे. रोज एका बिस्किटाचा पाव तुकडा, सकाळी साडेनऊला, नोंद वहीत. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा विचारायचे तीन प्रश्न शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत: तुकडा केव्हा वाढवायचा, तापात द्यायचा की थांबवायचा, आणि मध्ये आठवडाभर खंड पडला तर पुन्हा कुठून सुरू करायचं.